दहावा सूचक

हसूकाकांवर मी एक पत्रक लिहिलं होतं. पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत ‘हसुराम झुकला नाही!’ आणि खाली आमच्या उमेदवाराचं चिन्ह. ते पत्रक खोटं होतं. त्यातली घटना खरी होती, माणूस खोटा होता. पत्रकात छाती काढून उभा राहिलेला हसुराम, खारसोंडे नावाच्या गावात कधी राहिलाच नाही. तिथे राहत होते ते हसूकाका. साठी ओलांडलेले, अंगानं काडी, आणि मी आजवर पाहिलेल्या माणसांत सर्वांत घाबरट. हा मजकूर त्या पत्रकाची दुरुस्ती समजा.

घाबरट म्हणजे किती? एसटीत ते दाराजवळच्याच सीटवर बसायचे आणि उतरल्यावरही तिकीट दोन दिवस खिशात ठेवायचे. कुणी विचारलं तर? घराला कुलूप लावून निघाले की गावच्या विहिरीपर्यंत जायचे, परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. आधार कार्डाच्या झेरॉक्स तीन ठिकाणी होत्या. एक पेटीत, एक भावाकडे, एक तांदळाच्या कणगीत. पोलिसांची गाडी फाट्यावरून न थांबता अलिबागकडे गेली तरी ह्यांना लघवीला लागायची. त्यांची बायको हिराकाकू हे सगळं त्यांच्यासमोरच सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

“लग्नात माझ्या गळ्यात माळ घालताना ह्यांचा हात असा थडथडत होता, माझी आई बोलली, नवऱ्याला थंडीताप हाय वाटतं.”

काकांना राग यायचा नाही. “भीती हाय ती हाय,” ते म्हणायचे. “पण सगळ्या भीत्या एका मापाच्या नसतात, बाय. कुठची मोठी, कुठची बारकी, तेवढं बघायचं.”

आणि मग खरोखरच मापं सांगायचे. विंचवाची बारकी. तलाठ्याची मधली. उधाणाची मोठी.

उधाणाची भीती हे तर त्यांचं कामच होतं. खारसोंड्याची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. पावसाचं पाणी बाहेर जायला त्या बांधात एक दरवाजा ठेवलेला असतो, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिच्या झडपा उघडायच्या, भरती चढायच्या आत मिटायच्या. अमावास्येला आणि पुनवेला भर दुपारी बाराच्या सुमाराला समुद्र फुगून येतो. त्या वेळी झडप राहिली किंवा बांधाला भोक राहिलं, तर खारं पाणी आत शिरतं आणि पुढची तीन वर्षं तिथे भात होत नाही. उघाडीवर कुणाला ठेवायचं ते गावकी ठरवते. गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची मिळून बैठक. देवळापासून लग्नापर्यंत सगळं तिच्या हातात. गावकीनं अठरा वर्षं हसूकाकांनाच ठेवलं होतं. शेजारच्या गावचा उघाडीवाला एकदा क्रिकेटच्या सामन्याला गेला आणि खेकड्याच्या एका भोकापायी त्यांचा बांध फुटला. तेव्हा आमच्या भागातले बडे, गावकीचे अध्यक्ष बाळाराम शेठ, चारचौघांत म्हणाले होते, “उघाडीवर घाबरटच पाहिजे. शूर माणूस झोपतो.”

काका हे वाक्य मोठ्या अभिमानानं सांगायचे. त्यांच्याबद्दल शेठ बरं बोलले होते ते एवढंच.

मी एकदा त्यांच्याबरोबर बांधावरून चालले. हातातली काठी ते प्रत्येक भोकात घालून बघायचे, मग वाकून चिखल भरायचे, पायानं दाबायचे, पुढे. अर्ध्या तासात आम्ही जेमतेम शंभर पावलं गेलो. मला घाई होती. मला तेव्हा सगळ्याचीच घाई होती.

“काका, ह्यातलं धोक्याचं भोक कुठलं, ते कळतं कसं?”

“कळत न्हाय.”

“मग?”

“मग सगळी बुजवायची.”

त्या बांधावरच आमची निवडणूक उभी होती. एका कंपनीला खाडीच्या काठाला धक्का आणि गोदामं बांधायची होती. नकाशात उघाडीच्या जागी रस्ता दाखवला होता. नोटिसा आल्या, हरकती घेतल्या, हरकतींचं काय झालं ते कुणी सांगेना. मोठ्या पक्षांचे सगळे उमेदवार विकासावर बोलत होते. बांधावर एक जण बोलेना. तेव्हा निर्मलाताई उभ्या राहिल्या, अपक्ष. वीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होत्या. ह्या खाडीकाठच्या निम्म्या पोरांचा पहिला श्वास त्यांनी ऐकलेला. मी त्यांची पत्रकं लिहायचे. घोषणा माझ्या, उद्गारचिन्हं माझी.

पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. मतदारसंघातल्या दहा मतदारांनी यादीतला आपला क्रमांक लिहून सही करायची, की ह्या बाईंनी उभं राहावं असं आम्ही सुचवतो. एवढंच. वाटलं होतं एका दुपारचं काम आहे. सभेत “ताई, आम्ही तुमच्यासोबत” म्हणून वर जाणारे हात मी पेन पुढे केलं की खिशात जायचे. कुणाचा जावई कंपनीत लागणार होता, कुणाच्या घराची नोंद बाकी होती. कुणी सरळ सांगायचं, “मत देऊ गं. मत दिसत नाही. सही दिसते.”

नऊ जण झाले. दहावा मिळेना. हिराकाकूनं मला चहा दिला आणि म्हणाली, “ह्यांना विचार.” मी हसले. ती पण हसली. काका हसले नाहीत. म्हणाले, “कागद ठेवून जा.”

कागद त्यांनी तीन दिवस वाचला. अर्जाची अक्षरं बारीक, म्हणून तालुक्याला जाऊन मोठी झेरॉक्स करून आणली. मला प्रश्न विचारले. सूचकाला कोर्टात जावं लागतं का? ताई पडल्या तर सूचकाला काय होतं? निवडून आल्या आणि चोर निघाल्या तर? मी वैतागले. म्हटलं, “काका, सही करायची तर करा, नाहीतर तसं सांगा. आमच्याकडे वेळ नाही.”

ते म्हणाले, “तुझ्याकडे न्हाय. माझ्याकडे हाय.”

चौथ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पाच वेळा सही करून बघितली आणि मग अर्जावर केली. मी विचारलं, “बाळाराम शेठची भीती नाही वाटत?” शेठ म्हणजे पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदारांचा ह्या खाडीकाठचा उजवा हात.

“वाटते ना. लय वाटते.” पेनचं टोपण लावून ते म्हणाले, “पण शेठ मापात पाण्याच्या खाली येतात.”

एवढं बोलून परसात गेले. लघवीला लागली होती.

अर्जांच्या छाननीचा दिवस. आम्ही खबरदारी म्हणून अर्जाचे दोन संच भरले होते, दोन्हींवर आठ सूचक तेच, दोन वेगळे. त्यातला दुसरा संच पहिल्या पाच मिनिटांत बाद झाला. त्यातले दोन सूचक खाडीपलीकडच्या वाडीचे. लग्नं एकत्र, गावकी एक, देव एक, रोजची होडी इकडची तिकडे. पण मतदारसंघ दुसरा. ते दोघे मी आणले होते. यादी मी बघायची होती, बघितली नाही. चूक माझी, दुसऱ्या कुणाचीही नाही. आता उरला एकच संच, ज्यावर दहावी सही हसूकाकांची होती. तो गेला तर निर्मलाताई निवडणुकीच्या बाहेर, आणि बांधावर बोलणारं कुणीच नाही.

छाननीच्या खोलीत उमेदवाराबरोबर तिघांनाच सोडतात. आमचे वकील, एक सूचक आणि आणखी एक जण, म्हणजे मी. आत यायला ठरलेला सूचक होता दिगंबर. आमच्या प्रत्येक मोर्चात सर्वांत पुढे, घोषणांनी घसा बसवून घेणारा. त्याचा फोन सकाळपासून बंद होता.

आणि बाहेर व्हरांड्यात हसूकाका बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“काका, तुम्ही इथे?”

“आलोय खरा.”

“कशाला?”

“घरी बसवेना.” मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात अर्जाची मोठी झेरॉक्स, आधार कार्ड, विजेचं बिल, पाण्याची बाटली. “आत मागचं दार हाय काय गं?”

मी म्हटलं, “चला आत. सूचक म्हणून नुसतं बसायचं. बोलायचं काही नाही.”

आत समोरच्या बाजूला आमदारांचे वकील बसले होते, आणि त्यांचा सूचक म्हणून बाळाराम शेठ. पांढरे कपडे, गळ्यात साखळी. काकांना बघून शेठ मान हलवून हसले. खरंच मायेनं हसले. मला ते हसू अजून आठवतं.

वकिलांनी मुद्रांकाचा कागद काढला. “सूचक क्रमांक दहा यांचं प्रतिज्ञापत्र, साहेब. उमेदवारी अर्जावरची सही आपली नाही, असं त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे. दहा सूचक पूर्ण होत नाहीत. अर्ज बाद व्हावा.”

मी काकांकडे बघितलं. ते बाटलीचं झाकण उघडत होते, लावत होते, उघडत होते. माझ्या मनात त्यांच्याबद्दल त्या क्षणी जे शब्द आले ते मी इथे लिहीत नाही. निर्मलाताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, नाहीतर मी ते बोलले असते.

निवडणूक अधिकारी चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, “तुम्हीच का ते? उभे राहा. अर्जावरची ही सही तुमची आहे?”

“व्हय.”

“मग ह्या प्रतिज्ञापत्रावरची?”

“ती पण माझीच.”

कुणीतरी फिसकन हसलं. अधिकारी हसले नाहीत. “अहो, ह्या कागदावर लिहिलंय की त्या कागदावरची सही तुमची नाही. दोन्ही कशा तुमच्या?”

काकांचा आवाज इतका बारीक झाला होता की लिहून घेणारा कारकून खुर्ची पुढे ओढून बसला. “साहेब, ही मी तीन दिवस वाचून केली. ती वाचायला दिली न्हाय. चार माणसं घरात उभी होती. बसा बोललो तर बसली न्हाईत.” थांबले. “मी घाबरट माणूस हाय, साहेब. हे शेठला विचारा. ते मला लहानपणापासून ओळखतात.”

सगळी खोली बाळाराम शेठकडे वळली.

“धमकी दिली का कुणी?”

“न्हाय, न्हाय. धमकी न्हाय. माझा पोरगा प्रशांत उरणला कंटेनरच्या गाडीवर हाय. त्याची चौकशी केली. कुठची गाडी, नंबर काय, रात्रीची पाळी असते काय, परत येताना एकटा असतो काय. एवढंच इचारलं.”

“हसू,” शेठ गोड आवाजात म्हणाले, “नीट आठवून सांग. घाबरू नको.”

“घाबरलोय ना, शेठ,” काका म्हणाले. “तेच तर सांगतोय.”

वकील उठले. माणूस गोंधळलेला आहे, आत्ता इथे सही घ्या आणि ताडून बघा. अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. काकांनी पेन धरलं, आणि हात असा हलला की सहीच्या जागी नुसती नांगरट झाली. ती अर्जावरच्या सहीसारखी नव्हती आणि प्रतिज्ञापत्रावरच्या सहीसारखीही नव्हती. वकिलांनी हात पसरले, बघा म्हणून. गेलं, मला वाटलं. ताईंची वीस वर्षं, आमची सगळी पायपीट, एका थरथरत्या हातापायी गेलं.

“साहेब,” काका म्हणाले, “एक इनंती होती. शेठ जरा बाहेर उभे राहिले तर?”

पंखा फिरत होता. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. “शेठ, पाच मिनिटं बाहेर थांबा.”

“ह्याचा काय संबंध, साहेब?” वकील म्हणाले.

“मी सांगतोय ना. थांबा बाहेर.”

शेठ बाहेर गेले. दार लागलं. काका पाणी प्यायले, त्यांनी कागद सरळ केला, आणि सही केली. ती अर्जावरच्या सहीसारखी होती. वेलांटीसकट, खालच्या दोन टिंबांसकट. अधिकाऱ्यांनी तिन्ही कागद शेजारी ठेवले, काकांचा जबाब लिहून घेतला, आणि अर्ज मंजूर केला.

बाहेर आल्यावर मी आनंदानं ओरडले. काका तिथे नव्हते. ते मागच्या दारानं गेले होते.

आता माझं पत्रक. त्या रात्री उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी छापलं. झुकला नाही, वाकला नाही, दमदाटीला भीक घातली नाही. त्यांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला सुचलंही नाही. आम्ही त्यांच्या बाजूचे होतो ना!

चार दिवसांनी काका आमच्या प्रचार कार्यालयात आले. पिशवीतून पिवळ्या कागदांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. फाट्यावरून, पानाच्या टपरीवरून, देवळाच्या भिंतीवरून गोळा केलेली. काहींना अजून खळ चिकटलेली होती.

“हे परत घे, बाय.”

“काका, लोक वाचतायत! ठिकठिकाणी तुमचं नाव घेतायत.”

“तेच तर. मी झुकलो होतो. माझी सही हाय कागदावर, शेठकडे झेरॉक्स हाय. कुणी काढून दाखवली की हे खोटं. आणि हे खोटं निघालं की ताईंचं सगळंच खोटं ठरेल.”

“प्रचारात असं लिहावं लागतं.”

“मग मला इचारून लिहायचं होतंस.”

आमच्या चळवळीत घाबरलेल्या माणसासाठी एकही घोषणा नाही. आम्हाला शूर माणसं लागतात, आणि मिळाली नाहीत की आम्ही ती छापतो.

त्यानंतर खारसोंड्यात जे सुरू झालं ते कुणी लिहून दिलं नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे ना, म्हणून. गावकीनं ठराव केला नाही, दवंडी दिली नाही. फक्त दुकानात साखर संपली. काकांच्या पुढच्याला मिळाली, मागच्याला मिळाली, मधल्या मधे संपली. गिरणीचा पट्टा तुटला, तो फक्त हिराकाकूचं दळण आलं की तुटायचा. सख्ख्या भावाच्या मुलीची हळद झाली, दोन घरं सोडून. ह्यांना बोलावणं नाही. सकाळभर ढोल वाजत होता आणि हिराकाकू दार लावून आत बसली होती. उरणहून प्रशांतचा फोन आला, गाडीच्या मालकानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कारण नाही. कारण द्यावं लागत नाही.

आणि उघाडी काढून घेतली. नवीन माणूस नेमला. काकांनी त्याला बांधाचं सगळं समजावून सांगितलं, तासभर. तो दहा हात लांब उभा राहून, दुसरीकडे बघत ऐकत होता. काकांकडे बघताना कुणी पाहिलं तर त्याला दंड.

मी संतापून गेले. म्हटलं, पोलिसांत तक्रार करू. कायदा आपल्या बाजूचा आहे. कलमं मला पाठ होती.

“साक्षीदार लागतील ना?” काकांनी विचारलं.

“लागतील.”

“म्हणजे माझ्यापायी आणखी दोघांना ह्यात ओढायचं.”

“काका, अन्याय सहन करायचा नसतो!”

तेव्हा हिराकाकू बोलली. ती आता हसत नव्हती. “तू लिहितेस आणि जातेस. तुझ्या घरची गिरणी चालू हाय. आम्ही इथं राहतो.”

मी चहाचा एकच घोट घेऊन उठले. चहा अगोडच होता. साखर नव्हती.

मतदानाच्या आदल्या दिवशी खारसोंड्याच्या देवळात नारळ ठेवून शपथ झाली. गावाची सगळी मतं आमदारांना. काका-काकूंना बोलावलं नव्हतं, म्हणजे त्या दोघांनी शपथही घेतली नव्हती. मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी ठरलेल्या अंतरावर आमच्या टेबलाशी बसले होते. बायकांची रांग, पुरुषांची रांग. काका पुरुषांच्या रांगेत लागले तसा त्यांच्या पुढचा माणूस चार पावलं पुढे सरकला आणि मागचा चार पावलं मागे. रांग सरकत होती आणि ती मोकळी जागा त्यांच्याबरोबर सरकत होती. ऊन होतं. ते सारखा घाम पुसत होते. दोनदा रांगेतून बाहेर पडायला निघाले आणि दोनदा परत आले. मला वाटलं, जातील. मनातून म्हटलं, जा काका, खरंच जा, कुणी काही म्हणणार नाही. ते आत गेले, बाहेर आले, माझ्याकडे न बघता काकूची वाट बघत वडाखाली उभे राहिले.

आम्ही हरलो. थोडक्यात नाही, सपाटून हरलो. अनामत गेली. मतमोजणीच्या टेबलाशी मी केंद्रवार आकडे लिहून घेत होते. खारसोंड्याचं यंत्र आलं तेव्हा मी पेन ठेवणारच होते. निर्मलाताईंच्या नावापुढे आकडा आला सतरा.

सतरा. काकांचं एक, काकूचं एक. प्रशांत उरणहून आलाच नव्हता. उरलेली पंधरा कुणाची? नारळावर हात ठेवून शपथ घेतलेल्या गावात पंधरा माणसं अशी होती! एवढ्या पराभवात मला रडू आलं ते त्या पंधरासाठी. पलीकडे बसलेल्या बाळाराम शेठच्या माणसानंही तो आकडा वहीत लिहिला, त्याच्याभोवती गोल केला आणि फोन घेऊन बाहेर गेला. ते मी बघितलं. त्याचा अर्थ मात्र लावला नाही.

दोन दिवसांनी मी खारसोंड्याच्या फाट्यावर गेले. गावात यायचं नाही असं काकूनं निरोप पाठवून सांगितलं होतं. काका वाणसामान आणायला शेजारच्या गावी जायचे, ते परत येताना तिथे भेटतील हे ठाऊक होतं. ते आले. दोन्ही हातांत पिशव्या. मी धावत गेले.

“काका, सतरा! तुमच्या गावात सतरा! तुम्ही दोघं एकटे नव्हतात. आणखी पंधरा जण...”

“हळू बोल,” ते म्हणाले. पिशव्या खाली ठेवल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. त्यांचा चेहरा मी छाननीच्या दिवशीही इतका पांढरा बघितला नव्हता. “मला माहीत हाय. सगळ्या गावाला माहीत हाय. घरोघरी बैठक चाललीय. एकेकाला देवळात नेऊन इचारतायत.”

“तुमच्याकडे आले होते?”

“पहिलं माझ्याकडेच. तुला ठाऊक असणार, बोलले. नावं सांग, उघाडी परत देतो, पोराला परत गाडीवर लावतो.”

“मग?”

“मी बोललो, ठाऊक न्हाय. खरंच ठाऊक न्हाय म्हणून सुटलो.”

“आपण शोधू ना काका! ते पंधरा आणि तुम्ही दोघं एकत्र आलात तर...” माझ्या डोक्यात पत्रक तयार होत होतं. देवाशपथ, तिथे उभ्या उभ्या मथळा सुचला होता.

“न्हाय.” त्यांनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. तळवा ओला होता. “शोधू नको. कळलं तरी मला सांगू नको. त्यांनी परत इचारलं ना, बाय, तर मी सांगेन. चार माणसं उभी राहिली की मी सांगतोच. तू सही बघितलीस माझी.”

“काका...”

“आणि तू पण येऊ नको आता. तू कुणाशी बोलतेस ते पण लिहून घेतात.”

त्यानंतर मी गेले नाही. त्यांना पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं.

आम्ही तिथे उभे असतानाच अलिबागची एसटी आली आणि फाट्यावर थांबली. खारसोंड्याची बरीच माणसं उतरली. बाजार करून आलेल्या बायका, कामावरून परतलेले गडी, हायस्कूलच्या मुली. सगळे काकांच्या अंगावरून जाणार होते, रस्ता एकच. काकांनी पिशव्या उचलल्या आणि चटकन मान खाली घातली. मला आधी वाटलं, लाज. मग वाटलं, भीती. मग नीट बघितलं तेव्हा कळलं. एकेक जण जवळून जात होता तसे ते डोळे घट्ट जमिनीला लावून उभे होते, कुणाच्या चपला, कुणाच्या साडीचा काठ, एवढंच दिसेल असे. कारण चेहरा दिसला असता तर एखाद्याच्या डोळ्यांत काही दिसलं असतं. एखादी बाई बघून न बघितल्यासारखी हसली असती. आणि मग त्यांना ठाऊक झालं असतं.

शेवटचा माणूस पुढे गेला. काकांनी मनात काहीतरी मोजलं, पन्नास पावलं असतील, आणि मग ते त्यांच्या मागून गावाकडे निघाले. पुढे सगळं गाव चाललं होतं आणि मागे ते, मान वर न करता, आपल्या पायांकडे बघत.